वाट अडवलेल्या मुली

विहाराची स्मरणिका म्हटली की विहार कसा उभा राहिला, पहिली वर्गणी कुणी दिली, पत्रे कुठून आणले, भिंती कुणी बांधल्या हे सगळं लिहिलं जातं. ते लिहिलंच पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढीला वाटेल विहार आपोआप उगवला! परंतु संपादक मंडळाने यंदा मला "इतिहासावर काहीतरी द्या" असं सांगितलं तेव्हा मी मुद्दाम असा विषय घेतला की जो आपल्या प्रत्येक घरात आहे आणि विहारात मात्र कुणी काढत नाही. तो म्हणजे फसवून नेल्या गेलेल्या, विकल्या गेलेल्या मुलींचा. मी काही पदवीधर नाही. गिरणीत त्रासन खात्यात बदली कामगार म्हणून लागलो, रात्रपाळी करून दिवसा वाचनालयात बसलो, तेवढीच माझी विद्या. तेव्हा उपासक-उपासिकांनी चूकभूल पदरात घेऊन वाचावं.

सुरुवात तथागतांच्या काळापासून करतो. आम्रपाली आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वैशालीची गणिका, जिच्या घरचं भोजन तथागतांनी आधी स्वीकारलं आणि मागाहून आलेल्या लिच्छवींना नाही म्हटलं. पण अड्ढकासी किती जणांना माहीत आहे? काशीची ही गणिका. तिने तो धंदा सोडला, भिक्खुणी संघात आली. पुढची उपसंपदा घेण्यासाठी तिला तथागतांकडे श्रावस्तीला जायचं होतं. ही बातमी गावगुंडांना लागली आणि ते वाटेवर दबा धरून बसले. म्हणजे धंदा सोडलेल्या बाईला परत जाऊ द्यायचं नाही, हे तेव्हापासून चालू आहे. अड्ढकासीने तथागतांकडे निरोप पाठवला की वाटेवर गुंड आहेत, मी काय करू? विनयपिटकात याचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे. तथागतांनी तिला "धीर धर आणि ये" असं म्हटलं नाही. त्यांनी नियमच बदलला. दूतामार्फत उपसंपदा द्यायला परवानगी दिली. पुढे हा दूत म्हणून जाण्यासाठी जाणती, समर्थ भिक्खुणी असावी असंही ठरलं. तिला वाटेवरून यावं लागलं नाही, संघ तिच्यापर्यंत गेला.

मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचतो. थेरीगाथेत अड्ढकासीच्या नावावर गाथा आहेत, ती अर्हत झाली असं परंपरा सांगते. ज्या बाईला लोकांनी बाजारातली वस्तू केलं होतं, तिच्यासाठी संघाचा नियम वाकला! आणि आपल्या वस्तीत एखादी मुलगी चार दिवस गायब होऊन परत आली तर आपण तिच्या आईला हळदीकुंकवाला, लग्नाला, हो, अगदी विहारातल्या कार्यक्रमालाही बोलवत नाही.

धम्मामध्ये उपासकाने कोणता व्यापार करू नये हेही सांगितलेलं आहे. अंगुत्तर निकायात पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत. शस्त्रांचा, प्राण्यांचा म्हणजेच जीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यातल्या दुसऱ्याला पाली भाषेत सत्तवणिज्जा म्हणतात आणि अट्ठकथेने त्याचा अर्थ माणसांची विक्री असा दिला आहे. आपण पंचशील रोज म्हणतो, सम्यक आजीविकेचं मात्र नुसतं नाव घेतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. महाराष्ट्रात मुली बाजारात गेल्या त्या एकदम दलालाच्या हाताने नव्हे, आधी देवाच्या हाताने गेल्या. जेजुरीला खंडोबाची मुरळी, सौंदत्तीला यल्लम्माची जोगतीण, देवदासी. नवस फेडायचा म्हणून, घरात मुलगा नाही म्हणून, पोरीच्या डोक्यात जट आली म्हणून. ही जट म्हणजे दुसरं काही नसून केस न धुतल्याने, न विंचरल्याने झालेला गुंता. पण "देवीने बोलावणं पाठवलं" म्हटल्यावर आईचीही कात्री चालेना. पोरीचं वय आठ-दहा वर्षं. तिच्या गळ्यात मोत्यांची पोत बांधली की तिचं लग्न देवाशी झालं, दुसऱ्या कुणाशी होणार नाही. आणि ज्या पोरीचं लग्न होणार नाही तिच्यावर गावातल्या धनवंताचा हक्क! या मुली बहुतेक कुणाच्या होत्या? महार, मांग, चांभार आणि तशाच गरीब जातींच्या. गावात जत्रा संपली, धनवंताचा जीव भरला, की पुढचा मुक्काम मुंबई, पुणे, सांगली, मिरज. देव, गाव आणि बाजार हे एकाच साखळीचे तीन दुवे होते.

या साखळीवर आपल्यातून पहिला मोठा घाव घालणाऱ्यांत शिवराम जानबा कांबळे यांचं नाव घ्यावंच लागेल. पुण्याचे कांबळे साहेबांकडे बटलरचं काम करीत. त्यांनी १ जुलै १९०८ रोजी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केलं. त्यातून त्यांनी मुरळी सोडण्याच्या चालीवर लिहिलं, पालकांना बजावलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वतः मुरळ्यांना आवाहन केलं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही या प्रश्नावर आवाज उठवला होता. पण कांबळ्यांच्या मासिकात एक वेगळी गोष्ट घडली. १९०९ साली शिवूबाई नावाच्या मुरळीने त्यांच्या आवाहनाला पत्राने उत्तर दिलं. ते पत्र कांबळ्यांनी छापलं. आणि त्यांच्याच चळवळीतले गणपतराव हणमंतराव गायकवाड यांनी तिच्याशी लग्न केलं.

लेखाचा खरा मजकूर मला इथे दिसतो. विचार करा, १९०९ साल. मुरळीचं पत्र म्हणजे लोकांनी हसण्याचा विषय. कांबळ्यांनी तिला उपदेशाचा डोस पाजला नाही, "आधी शुद्ध हो" असं सांगितलं नाही. तिच्या शब्दाला छापखान्यात जागा दिली आणि समाजात घर दिलं. नुसती भाषणं करून शिवूबाई सुटली नसती. अड्ढकासीला जसा दूत भेटला, तसं शिवूबाईला एक मासिक भेटलं.

ज्यांना असं कुणी भेटलं नाही त्यांचं काय झालं? १९१७ साली मुंबईत डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अकूताई नावाची बाई छळ करून मारली गेली. तिने तिथून पळून जाण्याचा प्रयत्न केला होता, तिला पकडून परत आणलं आणि जीव जाईपर्यंत छळलं. खटला गाजला. आपण मुंबई म्हणजे गिरण्या, चळवळी, कामगारांची एकी असं अभिमानाने म्हणतो, त्याच मुंबईत गिरणगावापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर हे चाललं होतं. १९२१ साली सरकारने या धंद्याची चौकशी करायला समिती नेमली आणि १९२३ साली मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. तोवर कायदा नव्हता असं नाही. १८६० सालच्या भारतीय दंडविधानात कलम ३७२ आणि ३७३ होतेच, अल्पवयीन मुलगी या धंद्यासाठी विकणे आणि विकत घेणे दोन्ही गुन्हा. कलम होतं, पोलीस होते, कोर्ट होतं. अकूताईपर्यंत मात्र कुणी पोहोचलं नाही.

या धंद्याची कुलूपकिल्ली कर्जात असते, हे आपल्या बायाबापड्यांनी नीट समजून घ्यावं. मुलीला आणणारा दलाल घरवालीकडून रक्कम घेतो. ती रक्कम मुलीच्या नावावर कर्ज म्हणून चढते. म्हणजे जिला विकलं तिनेच स्वतःची किंमत फेडायची! वर साडीचे, पावडरचे, जेवणाचे, खोलीच्या भाड्याचे, औषधाचे पैसे, वर व्याज. हिशेबाची वही घरवालीकडे, मुलीला अक्षरओळख नाही. आपण गिरणी कामगारांनी पठाणी व्याज पाहिलेलं आहे, पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजावर दांडका घेऊन उभा राहिलेला सावकार आपल्या वडिलांनी पाहिलेला आहे. पण आपण निदान पाळी सुटल्यावर घरी यायचो. कामाठीपुऱ्यातल्या पिंजऱ्यातली पोर कुठे जाणार?

विश्वरत्न बाबासाहेबांनी हा विषय टाळला नाही. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर धर्मांतराच्या सभा चालू होत्या. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या, मुरळी, देवदासी, जोगतिणी, पोतराज, आराधी यांची सभा भरली. हाच तो दामोदर हॉल, जिथे आपल्या लोकांनी पुढे कितीतरी कामगार नाटकं पाहिली. बाबासाहेबांनी त्या सभेत कामाठीपुऱ्यातल्या आपल्या भगिनींना सरळ सांगितलं की हे जिणं सोडा, नुसतं धर्म बदलून भागणार नाही, जिणं बदला. पोट भरायला दुसरे मार्ग आहेत, लग्न करा, संसाराला लागा. शब्द कडक होते. आज काही अभ्यासक, त्यात आपल्याच लेकीबाळी आहेत, विचारतात की बाबासाहेबांनी या बायांना बोल का लावला, दलालांना का नाही? प्रश्न विचारायलाच हवा, बाबासाहेबांनीच आपल्याला विचारायला शिकवलं. माझं मत असं की ज्या बायांना सारं शहर अंधारात भेटत होतं आणि उजेडात ओळख देत नव्हतं, त्यांना एवढ्या मोठ्या नेत्याने भर सभेत समोर बसवलं आणि आपल्या चळवळीतली माणसं म्हणून बोलणं केलं, हीच गोष्ट मोठी आहे. पण हेही खरं की सभेनंतर त्या बायांना भाकरी आणि खोली देणारी यंत्रणा आपल्या समाजाने उभी केली नाही. ते काम बाबासाहेबांचं एकट्याचं नव्हतं.

त्यांचं काम त्यांनी कुठे करून ठेवलं ते राज्यघटनेत बघा. अनुच्छेद २३ : माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई. अस्पृश्यता बंद करणारा अनुच्छेद १७ आपल्या पोरांना पाठ असतो, २३ वा विचारला तर गप्प! पुढे १९५६ साली संसदेने अनैतिक व्यापारविरोधी कायदा केला. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबरचं आणि या कायद्याला मंजुरी त्याच महिन्याच्या अखेरीस. कायदा चांगला, पण चालवणाऱ्यांनी त्यातलं नेमकं रस्त्यावर उभ्या बाईला पकडायचं कलम उचललं. दलाल जामिनावर, बाई लॉकअपमध्ये, आणि दंडाचे पैसेही घरवाली भरणार, म्हणजे कर्जात आणखी भर.

देवदासी प्रथेविरुद्ध १९३४ चा मुंबई इलाख्याचा कायदा होता, १९८२ ला कर्नाटकाने केला, महाराष्ट्राने २००५ चा नवा अधिनियम केला. मधल्या काळात १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद झाली. या बाया स्वतः व्यासपीठावर उभ्या राहून बोलू लागल्या. कायद्यांपेक्षा त्या परिषदेचं मोल मला जास्त वाटतं.

१९९६ ची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. फेब्रुवारी महिन्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली बाहेर काढल्या गेल्या. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांतल्या निम्म्याच्या आसपास मुली नेपाळच्या होत्या. त्यांना परत न्यायला त्यांचं सरकार पुढे आलं नाही. काही महिने त्या सरकारी वसतिगृहांत अडकून पडल्या, काहींचा तिथेच मृत्यू झाला. शेवटी जुलै महिन्यात नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी शंभराहून अधिक मुलींना माघारी नेलं. छाप्याला दोन दिवस लागतात. मुलगी पुन्हा माणसांत बसवायला किती लागतात, याचा हिशेब कुणीच केला नव्हता.

इथवर वाचून कुणी म्हणेल, कांबळेसाहेबांचं, कामाठीपुऱ्याचं झालं, आता काळ बदलला, आपल्या मुली शिकल्या, कॉलेजात जातात. बदलला, मान्य. कामाठीपुऱ्यातल्या गल्ल्यांतून हा धंदाही पुष्कळ उठला. पण तो संपला नाही, विखुरला. दलाल आता जत्रेत येत नाही, गावात मावशी बनूनही येत नाही. तो मोबाईलमधून येतो. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि शिक्षणासाठी म्हणून आपण कर्ज काढून पोरींच्या हातात फोन दिले. चांगलंच केलं. पण त्या फोनची एक खिडकी बाहेर उघडते हे आपल्याला ठाऊक नव्हतं.

पद्धत ऐका. इन्स्टाग्रामवर एक फ्रेंड रिक्वेस्ट येते. फोटो एखाद्या देखण्या तरुणाचा, बहुधा दुसऱ्याच कुणाचा. काही वेळा फोटो मुलीचा असतो, म्हणजे मैत्रीण म्हणूनच येतात. तो पहिल्या दिवशी वाईट काहीच बोलत नाही. अभ्यास झाला का, जेवलीस का, बाबा परत रागावले का, एवढंच विचारतो. आपल्या घरात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, त्यात या पोरीला "जेवलीस का" असं शांतपणे विचारणारं कुणी नसतं. तो विचारतो! महिनाभराने रिचार्ज मारून देतो. मग सांगतो, "आपलं कुणाला सांगू नकोस, त्यांना कळणार नाही." हे वाक्य आलं की समजावं सापळा लागला. मग एक फोटो मागतो, साधा. मग दुसरा, तसला. तो एकदा हातात आला की भाषा बदलते. पैसे दे, नाहीतर बापाला पाठवतो. किंवा भेटायला ये. किंवा गाण्याचं काम आहे, पार्लरचं काम आहे, सिनेमात चेहरा हवाय, तिकीट मी काढतो.

आता हे जुन्या पद्धतीशी ताडून बघा. तेव्हा देवीचं बोलावणं होतं, आता प्रेमाचं किंवा नोकरीचं. तेव्हा गळ्यात पोत, आता हातात तो फोटो. आणि कर्जाच्या वहीच्या जागी धमकी, ज्याचा हप्ता कधीच संपत नाही. मुलीची वाट अडवायची, तिला सगळ्यांपासून एकटी पाडायची, हे सूत्र अड्ढकासीच्या काळापासून तेच आहे.

आणि तिला एकटी पाडण्यात अर्धी मदत आपणच करतो. फोन सापडला की आधी थोबाडीत. मग फोन जप्त, शाळा बंद, आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी मिळेल त्या स्थळाला लग्न लावून मोकळे. काही दलाल तर स्थळ घेऊनच येतात, हुंडा नको, उलट खर्च आम्हीच करू म्हणतात, आणि मुलगी परराज्यात गेली की पत्ता लागत नाही. हे सगळं बाकीच्या पोरी बघत असतात. त्यांच्यातली एखादी जर फसत असली तर ती घरी तोंड उघडेल का?

आणखी एक सांगतो, राग आला तरी चालेल. वयात आलेली मुलगी दुसऱ्या जातीच्या मुलाशी राजीखुशीने लग्न करते तेव्हा "पळवली, पळवली" म्हणून ओरडणारे आपल्यातही आहेत. जातीच्या नावाने ओरडणं बाबासाहेबांच्या लेकरांना शोभत नाही, आणि त्या ओरडण्याने खरोखर पळवलेल्या मुलीची हाक बुडून जाते.

आमच्या भागात काही वर्षांपूर्वी एक शाळकरी मुलगी गायब झाली. आई पोलीस ठाण्यात गेली तर तिथल्या साहेबांनी सांगितलं, येईल दोन दिवसांत, आजकालच्या पोरी अशाच. मैत्रिणीला सगळं माहीत होतं, पण ती रडत बसली, बोलेना, कारण बोलली असती तर तिचाही फोन गेला असता. शेवटी महिला मंडळातल्या एका ताईने तिला जवळ बसवून, "तुझं नाव कुठे येणार नाही, मार पडू देणार नाही" असा शब्द दिला, तेव्हा तिने गाडीचं नाव आणि वेळ सांगितली. मुलगी स्टेशनवरच सापडली. ती आज शिकते आहे, म्हणून यापुढे लिहीत नाही.

त्या साहेबांना जे ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून सांगितलं नाही, ते आपल्याला ठाऊक असावं. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी सांगितलं आहे की अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, अपहरण किंवा मानवी व्यापार झाला असं धरूनच तपास करायचा. दोन दिवस थांबा असं कुठल्याही कायद्यात नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलीला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. तिचं नाव, फोटो छापायचा नाही. मुलीला फोनवरून वारंवार गाठणं, तसला फोटो मागणं हाही गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये मुलांना इंटरनेटवरून तसल्या संबंधात ओढण्याला पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. धमकीचे मेसेज घाबरून पुसू नका, तोच पुरावा. मुलांच्या मदतीसाठी १०९८, तातडीने पोलीस हवे असतील तर ११२, फोनवरून पैसे उकळले असतील तर १९३०. यातला १०९८ हा नंबर १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाला, ज्या वर्षी ते छापे पडले त्याच वर्षी.

जबाब मुलीच्या घरी घ्यायचा, हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अड्ढकासी आठवली.

तर विहार समितीपुढे माझी मागणी साधी आहे आणि ती मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. विहाराच्या मागची खोली, जिथे सध्या मंडपाचं सामान आणि मोडक्या खुर्च्या पडल्या आहेत, ती रिकामी करावी. दर रविवारी वंदनेनंतर दोन तास ती फक्त मुलींसाठी असावी, पुरुषांपैकी कुणी, मीसुद्धा, तिथे डोकावू नये. महिला मंडळाने आपल्यातल्या तीन जाणत्या बाया निवडाव्यात, ज्यांच्याकडे मुलगी रात्री बारा वाजताही जाऊ शकेल, ज्या तिला ओरडणार नाहीत आणि तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जाऊन तक्रारीची प्रत घेतल्याशिवाय उठणार नाहीत. खोलीची किल्ली त्यांच्याकडे असावी. रंगाचा आणि पंख्याचा खर्च आम्ही चार निवृत्त कामगार करायला तयार आहोत.